अकरा नंबरची बी

टेबलावर तिला सगळ्याजणी चिमटा म्हणायच्या. तिच्या बोटांनी चिमटा काढल्याशिवाय एकही फळ पुढे जात नसे, म्हणून. वय झालं तसं नावामागे बाई लागलं आणि ती चिमटाबाई झाली. गल्लीतही हेच नाव चाले. गल्लीत फळं नव्हती, पण चिमटे होतेच.

फळं डबाबंद करायच्या कारखान्यात तिने एकोणतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस तपासणीच्या टेबलावर. काम सांगायला सोपं. यंत्र चेरीच्या पोटात दांडा घालून बी खाली पाडायचं. शंभरातल्या दोन-तीन बिया दांड्याला चुकवायच्या. मग फळांचा पट्टा टेबलावरून जायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बायका लाकडी स्टुलांवर बसलेल्या असायच्या. एकेक फळ अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरायचं, दाबायचं, सोडायचं. बी लागली तर हुकाने काढायची. डोळ्यांचा उपयोग नाही. डोळ्यांना सगळ्या चेऱ्या सारख्याच साळसूद दिसतात. असे आठ तास, मधे अर्ध्या तासाची सुट्टी. संध्याकाळी बोटं सुरकुतून लाल झालेली आणि नखांखाली रस. तो मोसम संपेपर्यंत निघत नसे.

डब्याच्या बुडावर बाईचा नंबर ठोकलेला असे. चिमटाबाईचा अकरा. कुणा गिऱ्हाइकाच्या दाताखाली बी आली की ती कागदाला चिकटून तक्रारीच्या पत्राबरोबर कारखान्यात यायची, आणि मुकादम ते पत्र टेबलासमोरच्या खांबाला लावायचा. वर्षात तीन पत्रं लागली की बाई टेबलावरून उठली आणि बाटल्या धुवायला गेली. सव्वीस वर्षांत अकरा नंबरचं पत्र खांबाला लागलं नाही. एकही नाही.

टेबलाचा एक मानाचा हूक होता. बाकीच्यांना कारखान्याचे साधे तारेचे हूक. हा मात्र वर्कशॉपमधल्या कुणा फिटरने कधीकाळी हौसेने बनवलेला, पितळी मुठीचा, पोलादी टोकाचा. तो सगळ्यात भरवशाच्या हाताकडे राहायचा. नियम बायकांनीच केलेला होता. हूक जिच्याकडे, तिच्या नंबरची बी सापडली की तिने तो सोडायचा आणि ज्या हाताने बी शोधली त्या हातात द्यायचा. चिमटाबाईला तो सातव्या वर्षी मिळाला आणि नंतर कुणाला द्यायची पाळी आली नाही. निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने घड्याळ दिलं आणि बायकांनी हूक तिच्याकडेच ठेवला. घड्याळ दुसऱ्या वर्षी बंद पडलं.

अशा कामातून माणूस कसं घडणार? बाहेरून गोल आणि चकचकीत दिसणारं काहीही आत बी लपवून असू शकतं, हे तिच्या हाडात मुरलं होतं. दूधवाल्याचं माप, गॅसवाल्याची सही, शेजारणीचं हसू, सगळं ती दाबून बघायची. मुलाने लग्न ठरवलं आणि मुलीला घरी आणलं, तेव्हा हिने तिला नाव विचारायच्या आधी म्हटलं, "हात दाखव."

मुलगी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी. बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे. चिमटाबाईने ते चाचपले आणि हात सोडून दिला. "शिवणाऱ्या हाताला फळातलं काय कळणार," म्हणाली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. घरात न बोलता वाटणी झाली होती. ओटा आणि ओव्हन सासूचा, खिडकी सुनेची. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कठड्यावर सुनेच्या चार कुंड्या होत्या. एका कुंडीत नुसतं तण माजलं होतं आणि सून ते उपटत नव्हती, उलट पाणी घालत होती. चिमटाबाईला ते ओट्यापासून दिसायचं. पण खिडकी तिची. बोलायचं कशाला? बोलायची नाही, मनात ठेवायची.

चेरीचा मोसम भरात आला की एका रविवारी दुपारी चार वाजता टेबलावरच्या दोघी तिच्याकडे यायच्या. बाराजणींपैकी आता पायऱ्या चढू शकणाऱ्या एवढ्याच. एक मिरची, जिच्या जिभेला आयुष्यभर कुणी साखर लावू शकलं नाही. दुसरी बुटकी, जिच्या स्टुलाखाली नेहमी दोन विटा असत. तिघी मिळून चेरीचं कॉब्लर खायच्या. ते त्यांना कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याने शिकवलं होतं, मोसमाच्या शेवटी फुटकी फळं उरायची तेव्हा. खाली साखर-लिंबात शिजवलेल्या चेऱ्या, वर लोणी चोळलेल्या पिठाचे ओबडधोबड गोळे. ओव्हनमधून निघाले की फरसबंदीच्या दगडांसारखे दिसतात आणि फटींतून लाल रस खदखदत वर येतो. काम अवघड नाही. बिया काढायला तेवढा वेळ लागतो, आणि परीक्षा तिथेच असते. दोघी तोंडभर कौतुक करायच्या, पण चावायच्या जपून. बी सापडते का, हे बघायलाच तर यायच्या. आणि सात वर्षं हात हलवत परत जायच्या.

आठव्या वर्षी चिमटाबाईच्या मनात वेगळाच किडा होता. तो गेल्या वर्षीपासूनचा.

गेल्या वर्षी बिया काढून, साखर घालून, चेऱ्या तासभर मुरायला ठेवून ती नेहमीसारखी आडवी झाली होती. तहान लागली म्हणून मधेच उठून आली, तर सून ओट्याशी, मनगटापर्यंत हात चेऱ्यांच्या पातेल्यात. चाहूल लागताच तिने हात काढला, खिडकीबाहेर काहीतरी केलं आणि ॲप्रनला बोटं पुसली.

"काय गं?"

"काही नाही, आई. साखर विरघळली का बघत होते."

साखर बघायला चमचा पुरतो. मनगट कशाला लागतं? चिमटाबाई पाणी पिऊन खोलीत गेली. वर्षभर ती शंका तिने पोसली, वाढवली, चांगली धष्टपुष्ट केली. आधी वाटलं खात असेल. मग वाटलं, खाणारं माणूस तोंडाकडे हात नेतं, खिडकीकडे नाही. मग एक दिवस भाजी चिरताना तिला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. सुनेला ओटा हवाय. आणि ओटा मिळायचा तर आधी सासूचं नाव खाली यायला हवं. पातेल्यात एक बी सोडली की काम झालं. मागच्या खेपेला आपण वेळेवर उठलो म्हणून वाचलो.

पाणी कुठेतरी मुरत होतंच. गेल्या दोन-तीन महिन्यांत सून सारखी तिच्या हातांकडे बघायची. "आई, बटणं मी लावू का?" "आई, सुई मी ओवून देते." "डॉक्टरांना बोटांचं सांगितलंत का?" डॉक्टर साखरेच्या आजारासाठी गोळ्या देत आणि पायांना मुंग्या येतात का विचारत. पायांना येत नाहीत, असं चिमटाबाईने खरं ते सांगितलं होतं. बोटांचं त्यांनी विचारलं नव्हतं. कॉब्लरच्या रविवारआधीच्या गुरुवारी तिला उजव्या अंगठ्यावर टपोरा फोड दिसला. कधी भाजलं ते आठवेना. सूनच गरम झाकण तसंच ठेवून गेली असणार, दुसरं कोण.

रविवारी सकाळी दीड किलो चेऱ्या घेऊन ती बसली. देठ काढले, तीन पाण्यांनी धुतल्या, फडक्यावर पसरल्या. मग हूक घेतला. देठाच्या खळग्यातून टोक आत, अर्धा वेढा, बाहेर. बी वाटीत, फळ अंगठ्याखाली, दाबून पातेल्यात. बघायची गरज नव्हती. ती सुनेकडे बघत होती.

"मोजता का तुम्ही, आई? चेऱ्या किती, बिया किती?" सुनेने विचारलं.

"मोजतं कोण? ज्याचा हातावर विश्वास नाही तो."

सुनेने देठ गोळा केले. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही दमला असाल. साखर मी घालते."

"साखर मीच घालणार. लिंबूही मीच पिळणार."

तिने साखर घातली, लिंबू पिळलं, चमचाभर कॉर्नफ्लॉवर भुरभुरलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मग आडवं व्हायची वेळ झाली. चिमटाबाईने पातेलं उचललं आणि खोलीकडे निघाली.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. सुट्टीचा दिवस म्हणून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. "आई, कुठे चाललीस पातेलं घेऊन?"

"झोपायला."

"चेऱ्या पण झोपणार?"

"माझ्या नजरेसमोर राहतील."

"बँकेत लॉकर बघू का? महिन्याच्या भाड्यावर मिळतो."

"तू पेपर वाच."

पातेलं तिने पलंगाखाली ठेवलं आणि दाराला कडी घातली. दहा मिनिटांत सून दारावर. "आई, औषध घेतलंत?" घेतलं. पुन्हा पाच मिनिटांनी. "आई, खाली भाजीवाला आलाय, तुम्हाला बघून घ्यायची असेल ना?" नाही. पुन्हा. "आई, मिरचीमावशींचा फोन आला होता, तुम्ही उलट फोन करा म्हणाल्या." चिमटाबाईने आतूनच सांगितलं की मिरची गेल्या तीस वर्षांत रविवारी दुपारच्या आत उठलेली नाही. बाहेरची पावलं दूर गेली. चिमटाबाई छताकडे बघत पडली होती. झोप कसली लागते? पण आपला अंदाज शंभर टक्के बरोबर निघाल्याचं समाधान होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग तिने चेऱ्या रस दाटेपर्यंत शिजवल्या. मैद्यात बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि गार लोणी घालून बोटांनी चोळलं. लोणी गार आहे की नाही ते या खेपेला नीट कळेना. फ्रिजचा दरवाजा कुणीतरी उघडा टाकला असणार, असं म्हणून तिने एक नजर सुनेकडे टाकली. दूध घालून पीठ सैल केलं, ट्रेमध्ये चेऱ्यांवर चमच्याने गोळे सोडले, वरून साखर भुरभुरली. चाळीस मिनिटं ओव्हनसमोर स्टूल टाकून बसली. लोकांना वाटतं ओव्हन भाजतो. ओव्हन नुसता तापतो. भाजतं ते समोर बसलेलं माणूस.

बरोब्बर चारला दोघी आल्या. मिरचीने वरच्या दातांची नवी कवळी बसवली होती आणि ती सगळ्यांना दिसेल अशी बोलत होती.

"वास तर बरा येतोय. सुनेने केलं वाटतं?"

"तुझ्या कवळीला झेपेल एवढं मऊ केलंय. खा," चिमटाबाई म्हणाली.

"काय म्हणाली?" बुटकीने विचारलं. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं.

"खा म्हणाली!"

पाच बशा वाढल्या. हूक नेहमीप्रमाणे टेबलाच्या मधोमध, फडक्यावर. सून तेवढी खात नव्हती. ती मिरचीच्या तोंडाकडे बघत होती. चिमटाबाई सुनेकडे बघत होती. मुलगा दोघींकडे बघत होता आणि दुसरा गोळा घेऊ की नको अशा विचारात होता.

तेवढ्यात मिरचीच्या तोंडात कट्ट वाजलं.

तो आवाज बुटकीलासुद्धा ऐकू आला. मिरचीने चावणं थांबवलं. हळूच जीभ फिरवली, तोंडाशी चमचा नेला आणि त्यात काहीतरी काढून बशीच्या काठावर ठेवलं. एरवी मिरचीला बोलायला निमित्त लागत नाही. आज निमित्त बशीत होतं आणि ती गप्प होती.

शेवटी बुटकी म्हणाली, "बी आहे."

"माझी नाही," चिमटाबाई म्हणाली.

"ट्रे तुझा, चेऱ्या तुझ्या," मिरची हळू आवाजात म्हणाली. "अकरा नंबर कुणाचा गं?"

"माझी नाही म्हणते ना! माझ्या हातातून बी गेलेली नाही, जाणार नाही. ही हिने टाकलीय." तिने सुनेकडे बोट केलं. "गेल्या वर्षी पातेल्यात हात घातलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आज सकाळपासून पातेल्याभोवती घारीसारखी फिरतेय. विचारा तिला!"

"आई!" मुलगा उठला.

"तू बस. विचारा तिला."

सुनेने बशीच्या काठावरच्या बीकडे पाहिलं नाही. तिने सासूच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यावरचा फोड आता फुटला होता.

"हो," सून म्हणाली. "माझ्याकडूनच पडली असेल. लिंबू पिळायला आले होते तेव्हा."

मुलगा खाली बसला. बुटकीने मिरचीकडे पाहिलं. मिरचीने हूक फडक्यावरून उचलला, टोक बोटाला लावून पाहिलं आणि चिमटाबाईसमोर ठेवला. "सुनेने टाकली, तर नंबर तिचा. हूक राहू दे तुझ्याकडे." मग बुटकीच्या चांगल्या कानाकडे वाकून म्हणाली, "चल, पायऱ्या उतरायला आपल्याला तासभर लागतो."

सहा वाजले होते. बाहेर चांगलं ऊन होतं. सून आत कपड्यांच्या घड्या घालत होती, मुलगा चपला घालून कुठेतरी निघून गेला होता. चिमटाबाई टेबलाशी एकटी बसली. हूक समोर होता. नाव शाबूत होतं. आता बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

एक गोष्ट खुपत होती. लिंबू तिने स्वतः पिळलं होतं. सून लिंबाच्या जवळपासही आली नव्हती.

टेबलावरचा एक जुना अनुभव होता. खांबाला पत्र लागलं की सगळ्या आधी नंबर बघायला धावायच्या. जिचा नंबर असे तीसुद्धा दोनदा वाचून मगच मान खाली घालायची. सव्वीस वर्षांत एकदाच एक बाई नंबर न वाचता "माझी" म्हणाली होती. ती बुटकी. तिच्या शेजारणीची तीन पत्रं भरत होती आणि शेजारीण पोटुशी होती. बाटल्या धुवायच्या ओल्या फरशीवर तिला उभं राहावं लागू नये, म्हणून. न बघता "माझी" म्हणणारी बाई चोर नसते. ती कुणालातरी पाठीशी घालत असते.

पण कुणाला?

चिमटाबाईने चष्मा लावला आणि मिरचीची बशी जवळ ओढली. बी नुसती नव्हती. चेरीचं अर्धं मांस तिला घट्ट धरून होतं, बारीक तंतूंनी, जसं झाडावरून येतं तसं. वरून टाकलेली बी रसात सुटी असते, तळाला जाते. ही फळाच्या पोटातच होती. कुणी टाकलेली नव्हती. कुणी काढलेली नव्हती.

तिने ट्रे ओढला. अर्धं कॉब्लर उरलं होतं. वरचे गोळे बाजूला केले आणि चमच्याच्या कडेने एकेक चेरी उघडत गेली. दीड तासाची मेहनत दहा मिनिटांत लगदा झाली. आणखी दोन बिया निघाल्या. दोन्ही पोटातच.

पुढचं काम तिने जसं करायचं तसं केलं, घाई न करता. ओट्यावर बशीत काही कच्च्या चेऱ्या उरल्या होत्या. एकीची बी काढली, एकीची ठेवली. डोळे मिटले, दोन्ही बशीत फिरवून मिसळल्या आणि उजव्या अंगठ्याखाली एक धरली. दाबली. दुसरी धरली. दाबली. पुन्हा पहिली. दोन्ही सारख्याच. अंगठ्यावर कुणी जाड हातमोजा चढवला होता आणि तिला सांगितलं नव्हतं. फोड कधी आला, लोणी गार का लागलं नाही, याचं उत्तर आपोआप मिळालं. फ्रिजचा दरवाजा बंदच होता.

मग गेल्या वर्षी सून पातेल्यात काय करत होती?

ती उठून खिडकीशी गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने सुनेच्या खिडकीची कडी काढली. ओट्याच्या सगळ्यात जवळची कुंडी ती तणाची. तण नव्हतं. पानं करवतीच्या दात्यांची. तिने एक पान उलटून देठ पाहिलं. पानाच्या बुडाशी, देठावर, दोन बारीक लाल पुटकुळ्या. क्रेटमधून अशी पानं निवडून फेकण्यात तिने उन्हाळेच्या उन्हाळे घालवले होते. चेरीच्या पानाची ती खूण आंधळ्यालाही चुकली नसती. कुंडीत एक रोप टणक खोडाचं होतं, त्याने एक हिवाळा बाहेर काढलेला दिसत होता. दोन कोवळी, याच वर्षीची.

मागे सून कपड्यांचा ढीग घेऊन उभी होती.

"पहिल्या वर्षी किती?" चिमटाबाईने न वळता विचारलं.

सुनेने ढीग ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "एक."

"गेल्या वर्षी?"

"तीन. एक उगवली नाही."

"कचऱ्यात का नाही टाकल्यास?"

"कचरा तुम्ही तपासता."

हे खरं होतं. चिमटाबाईने पान सोडलं. "आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

चिमटाबाईने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं."

"म्हणाला असतात, मीच टाकल्या."

"म्हटलंच की आज. सगळ्यांसमोर." तिने खिडकी लावून घेतली. कडी नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. "कशाने कळलं तुला? नुसतं दाबून?"

"शिवताना दोन कापडांच्या मधे सुईचं टोक तुटून राहतं कधीकधी. ते शोधायला लागतं. नाहीतर घालणाऱ्याला टोचतं."

चिमटाबाईने तिचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं चाचपली. घट्टे होते तिथेच होते. तिला ते आता नीटसे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरचीकडे गेली. दोन गल्ल्या, तीन मजले, लिफ्ट बंद. मिरची दात न घालताच दारात आली.

"काय गं, सकाळी सकाळी? मेलं कोण?"

"बी माझी होती."

मिरचीने दार पूर्ण उघडलं. आत जाऊन कवळी बसवून आली, बहुधा नीट बोलता यावं म्हणून. "पुन्हा बोल."

"माझी होती. आणखी दोन होत्या. आपल्या नशिबाने त्या कुणाच्या दाताखाली आल्या नाहीत. अंगठा गेलाय माझा. दोन वर्षं गेलाय."

मिरची काहीतरी तिखट बोलणार होती, तोंडही उघडलं होतं. पण ते गिळून म्हणाली, "मग हूक काढ. मी शोधली."

"तू दाताने शोधलीस. दाताची धरत नाहीत. ज्या हाताने शोधली त्या हातात द्यायचा, नियम आहे."

"मग कुणाला देणार? बुटकीला? तिला ऐकू येत नाही."

"सुनेला."

"सुनेला! ती टेबलावर कधी बसली गं?"

"दोन वर्षं केलंय तिने. माझ्या पाठीमागे, उभ्याने, झोपेतून मी उठायच्या आत. तू करून दाखव."

मिरची बराच वेळ कवळी जिभेने हलवत राहिली. "बुधवारी येते," म्हणाली. "बुटकीला घेऊन. या खेपेला मला गोळे जास्त वाढ. आणि बघ, कवळी तुटली तर भरपाई सुनेकडून घेणार."

बुधवारी सुनेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ओट्यावर दोन स्टुलं लावली. पितळी मुठीचा हूक चिमटाबाईने तिच्या हातात दिला, दिला तो लगेच परत घेतला, कसा धरायचा ते दाखवायला. "मूठ आवळू नकोस. मनगट ढिलं. पेन नाही ते." मग पुन्हा दिला. स्वतः कारखान्याचा जुना तारेचा हूक घेतला. बिया काढायच्या चिमटाबाईने, दाबून बघायचं सुनेने. आणि एक नवी गोष्ट झाली. चेऱ्या आधी मोजल्या. दोनशे सहा.

काम दीड तास चाललं. बोलणं फारसं झालं नाही. सून एकेक फळ दाबून पातेल्यात टाकत होती. मधेच तिचं बोट थांबलं. तिने हुकाने बी काढली आणि सवयीने हात खिडकीकडे गेला.

"तिकडे नको. इथे वाटीत."

थोड्या वेळाने आणखी एक. वाटीत.

सगळं झाल्यावर चिमटाबाईने बिया फडक्यावर ओतल्या आणि दहा-दहाचे ढीग लावले. वीस ढीग, वर पाच. दोनशे पाच.

"एक कमी आहे," ती म्हणाली. "पुन्हा बघ."

"मी दोनदा बघितल्या, आई."

"तिसऱ्यांदा बघ. दोनशे सहा मोजल्या होत्या मी."

सुनेने पातेल्यातली एकेक चेरी पुन्हा दाबली. ओटा पुसला. स्टुलाखाली वाकून पाहिलं. चिमटाबाईने स्वतःच्या ॲप्रनचे दोन्ही खिसे उलटे केले. बी नव्हती. साडेतीन वाजत आले होते आणि ओव्हन तापून तयार होता. चिमटाबाई हलायला तयार नव्हती. एक बी म्हणजे एक पत्र.

शेवटी सून ओशाळून म्हणाली, "एक मी खाल्ली."

"कधी?"

"मघाशी. तुम्ही साखर काढायला वळलात तेव्हा."

"आणि बी?"

सुनेने खिडकीकडे पाहिलं.

चिमटाबाई स्टुलावर मागे टेकली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि पातेलं शेगडीवर चढवलं.